जुन्या पिकअपचा अ‍ॅक्सल बदलताना चाकांचे स्टड कसे जुळवावेत

जुन्या अमेरिकी पिकअप ट्रकचा मागचा अ‍ॅक्सल बदलू पाहणाऱ्या वाचकांचा गोंधळ बहुधा एकाच ठिकाणी होतो. नव्या अ‍ॅक्सलवर जुने चाक चढते, भोके बरोबर जुळतात, आणि तरीही जुने नट त्या स्टडवर फिरत नाहीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे काही फेरे फिरून मग अडकतात. स्टड म्हणजे अ‍ॅक्सलच्या टोकाच्या जाड तबकडीतून, म्हणजे फ्लँजमधून, बाहेर आलेला आट्यांचा दांडा, ज्यावर चाक अडकवून नट आवळला जातो. गिअरचे गुणोत्तर, अ‍ॅक्सलची रुंदी, स्प्रिंगच्या बैठका आणि ब्रेक यांचा विचार बहुतेक जण खरेदीपूर्वी करतात, स्टडचा मात्र चाक चढवण्याच्या दिवशी. हा क्रम उलटा हवा, कारण चालत्या गाडीचे चाक जागेवर धरून ठेवण्याचे काम अखेर पाच-सहा स्टडांवर आणि त्यांच्या नटांवरच असते.

येथे मुख्यतः १९५० ते १९८० च्या दशकांतील अर्ध्या टनाचे पिकअप, म्हणजे फोर्ड एफ-१००, शेवरोले सी-१०, डॉज डी-१०० यांसारख्या गाड्या, डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. महाराष्ट्रात अजून धावणाऱ्या विलीज घडणीच्या जुन्या जीपनाही यातील बराचसा भाग लागू पडतो, त्याचा विचार पुढे येईल.

पीसीडी जुळला म्हणजे स्टड जुळले असे नव्हे

पीसीडी म्हणजे सर्व स्टडांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या कल्पित वर्तुळाचा व्यास. सहा स्टडांच्या हबवर समोरासमोरच्या दोन स्टडांच्या मध्यांतील अंतर मोजले की तो सरळ मिळतो, परंतु पाच स्टडांच्या हबवर कोणत्याही स्टडच्या नेमका समोर दुसरा स्टड नसल्याने शेजारच्या दोन स्टडांच्या मध्यांतील अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणावे लागते. नेहमी भेटणारी मापे अशी आहेत :

- शेजारच्या स्टडांतील अंतर ६७.२ मिमी असल्यास पीसीडी ११४.३ मिमी, म्हणजे साडेचार इंच. फोर्ड एक्स्प्लोरर आणि क्राउन व्हिक्टोरिया यांचे अ‍ॅक्सल याच मापाचे असतात.
- ७४.६ मिमी असल्यास १२७ मिमी, म्हणजे पाच इंच. १९७१ पासूनच्या दोनचाकी चालीच्या शेवरोले सी-१० वर हे माप आढळते.
- ८२.१ मिमी असल्यास १३९.७ मिमी, म्हणजे साडेपाच इंच. जुन्या एफ-१०० चे आणि विलीज जीपचे माप हेच.
- ७९.४ मिमी असल्यास १३५ मिमी. १९९७ पासूनच्या फोर्ड एफ-१५० वर फोर्डने हे माप आणले.

यांतील शेवटच्या दोन मापांत पीसीडीचा फरक पाच मिलिमीटरांहून कमी असल्याने नुसत्या नजरेने किंवा शिवणकामाच्या टेपने ती ओळखता येत नाहीत, आणि भोके थोडी सैल असलेली चाके अशा हबवर जोर लावून चढवण्याचा मोह होतो. तसे चढवलेले चाक केंद्रात बसत नाही, स्टड वाकड्या ताणात राहतात आणि ते तुटण्याला फक्त वेळ लागतो.

पीसीडी हे मात्र पहिलेच पाऊल आहे. १९७३ ते १९८७ च्या सी-१० मध्ये १९८८ नंतरच्या सी-१५०० चा मागचा अ‍ॅक्सल बसवण्याचा विचार पुष्कळ जण करतात, आणि दोन्हींचा पीसीडी पाच इंचच असल्याने चाके बदलावी लागणार नाहीत असे त्यांना वाटते. जुन्या गाडीचे स्टड बहुतेक अर्ध्या इंचाचे, इंचाला वीस आट्यांचे असतात, तर नव्या अ‍ॅक्सलचे स्टड १४ मिमी व्यासाचे आणि दीड मिमी अंतराच्या आट्यांचे. चाक एकच राहते, पण पुढच्या आणि मागच्या चाकांना दोन वेगळे नट, दोन वेगळे जोर आणि बहुधा दोन वेगळे पाने लागतात. जुळणीचा खरा प्रश्न येथून सुरू होतो.

आटे कसे ओळखावेत

आट्यांची ओळख दोन आकड्यांनी होते : दांड्याचा बाहेरचा व्यास आणि आट्यांमधील अंतर. इंची पद्धतीत अंतराऐवजी एका इंचातील आट्यांची संख्या सांगतात, मेट्रिक पद्धतीत दोन आट्यांमधील अंतर मिलिमीटरांत सांगतात. व्यास व्हर्निअरने आणि आटे पिच गेजने, म्हणजे दातेरी पट्ट्यांच्या मापकाने, तपासावेत. व्हर्निअर नाममात्र मापापेक्षा किंचित कमी आकडा दाखवतो, कारण आट्यांची टोके थोडी बोथट असतात. ७/१६ इंच म्हणजे ११.१ मिमी, १/२ इंच म्हणजे १२.७ मिमी आणि ९/१६ इंच म्हणजे १४.३ मिमी हे लक्षात ठेवले, तर शेजारच्या १२ आणि १४ मिमीच्या मेट्रिक स्टडांशी होणारी गल्लत टळते.

ही गल्लत ९/१६ इंच आणि १४ मिमी या जोडीत सर्वांत धोक्याची आहे. इंचाला अठरा आटे म्हणजे दोन आट्यांत १.४१ मिमी अंतर, आणि मेट्रिक स्टडवर ते १.५ मिमी, व्यासातील फरक तर ०.३ मिमी इतकाच. इंची नट मेट्रिक स्टडवर हाताने काही फेरे सहज फिरतो, मग जड होतो, आणि पाना लावणाऱ्याला वाटते की गंज किंवा घाण आडवी आली आहे. प्रत्यक्षात दर आट्यागणिक ०.०९ मिमीची तफावत साठत जाऊन दहा आट्यांत ती एका मिलिमीटरच्या जवळ पोहोचलेली असते, आणि पान्याच्या जोराने नट बसतो तो आटे चिरडूनच. असा नट आवळलेला दिसतो, परंतु त्याची पकड फार थोड्या आट्यांवर असते. म्हणून नियम एकच ठेवावा : नट हाताने, पान्याशिवाय, बैठकीपर्यंत फिरला पाहिजे. न फिरल्यास आटे साफ करावेत आणि पुन्हा मोजावे, पण पाना लावू नये.

डाव्या बाजूचे उलटे आटे

जुन्या डॉज गाड्यांवर आणि विलीज जीपवर डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट्या आट्यांचे असत, म्हणजे नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. चाक पुढे फिरताना नट आपोआप सैल होऊ नये हा त्यामागचा हेतू होता. क्रायस्लर कंपनीच्या अशा स्टडांच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ अक्षर कोरलेले असते, परंतु गंजामुळे ते अनेकदा दिसत नाही. अशा गाडीला नवा मागचा अ‍ॅक्सल बसवला की मागची दोन्ही चाके सरळ आट्यांची आणि पुढचे डावे चाक एकटे उलट्या आट्यांचे अशी स्थिती येते, आणि रस्त्याकडेच्या टायरवाल्याने त्या चाकावर सवयीप्रमाणे यंत्राचा पाना लावला तर स्टड पिळून तुटतात. मूळ स्वरूप जपण्याची आस असल्याशिवाय अ‍ॅक्सल बदलतानाच पुढच्या डाव्या हबचे स्टडही सरळ आट्यांचे करून घेणे शहाणपणाचे ठरते.

निर्णयाचे पर्याय

नवा अ‍ॅक्सल आणि जुनी गाडी यांचे स्टड वेगळे निघाल्यास पुढील मार्ग उरतात, आणि त्यांचा क्रम साधारणपणे पसंतीचाही क्रम मानता येईल.

- लहान मापाच्या टोकाचे स्टड मोठ्या मापाचे करणे. पुढच्या हबवरील १/२ इंचाचे स्टड काढून तेथे १४ मिमीचे स्टड दाबले, तर चारही चाकांना एकच नट लागतो आणि बळकटी वाढते. त्यासाठी हबची भोके लेथवर किंवा मिलिंग यंत्रावर मोठी करून घ्यावी लागतात. हाताच्या ड्रिलने ती नेमकी गोल आणि केंद्रात होत नाहीत.
- नव्या अ‍ॅक्सलचे स्टड जुन्या मापाचे करणे. फ्लँजचे भोक मोठे आणि स्टड बारीक, म्हणून जाड दातेरी खांद्याचा पण १/२ इंच आट्यांचा स्टड शोधावा लागतो. दातेरी खांदा म्हणजे स्टडच्या डोक्याजवळचा उभ्या रेघांचा भाग, जो भोकात दाबून बसतो आणि स्टडला फिरू देत नाही. मूळ मोठ्या स्टडचा हेतू अधिक भार वाहणे हा असल्याने माल वाहणाऱ्या गाडीसाठी हा पर्याय टाळावा.
- दोन्ही टोके आहेत तशी ठेवणे. गाडी क्वचित चालत असेल आणि मालक एकटाच ती हाताळत असेल तर हे चालते, मात्र दोन प्रकारचे नट नेहमी वेगळे ओळखू येतील अशी सोय करावी लागते.
- पीसीडीच वेगळा असल्यास फ्लँजला नवी भोके पाडणे किंवा नव्या भोकांचे अ‍ॅक्सल शाफ्ट बनवून घेणे. फ्लँजचा व्यास पुरेसा मोठा असेल आणि नवी भोके जुन्या भोकांच्या मधोमध बसत असतील तरच पहिला मार्ग शक्य आहे. ड्रम किंवा डिस्कलाही तीच भोके पाडावी लागतात.
- अ‍ॅडॅप्टर, म्हणजे एका पीसीडीवरून दुसऱ्यावर नेणारी जाड तबकडी, लावणे. अ‍ॅक्सलचा स्टड अ‍ॅडॅप्टरच्या बाहेरच्या पृष्ठभागापलीकडे डोकावता कामा नये, नाहीतर चाक टेकतच नाही. चाक तबकडीच्या जाडीइतके बाहेर जाते, बेअरिंगवरचा भार सरकतो, आणि तपासायच्या नटांची संख्या दुप्पट होते.

एफ-१०० मध्ये पुढे क्राउन व्हिक्टोरियाचे सस्पेन्शन आणि मागे एक्स्प्लोररचा ८.८ इंची अ‍ॅक्सल बसवण्याची जोडी लोकप्रिय होण्याचे एक कारण स्टडांच्या जुळणीतच आहे. दोन्हींचा पीसीडी साडेचार इंच आणि दोन्हींचे स्टड १/२ इंचाचे, त्यामुळे चारही टोके एकमेकांशी जुळतात आणि बदलतात ती फक्त चाके. फक्त मागचाच अ‍ॅक्सल बदलला तर पुढे साडेपाच आणि मागे साडेचार इंच राहून एकच स्टेपनी दोन्हीकडे चालत नाही. स्वस्त वाटणारा अ‍ॅक्सल अशा वेळी महाग पडतो.

लांबी, बैठक आणि पकड

स्टडची लांबी हा भाग बहुतेकांकडून दुर्लक्षिला जातो. नटाने स्टडवर किमान स्टडच्या व्यासाइतकी लांबी पकडली पाहिजे हा जुना आणि भरवशाचा निकष आहे. फेऱ्यांच्या हिशेबात १/२ इंच, वीस आट्यांच्या स्टडवर दहा पूर्ण फेरे, १४ मिमी, दीड मिमी आट्यांच्या स्टडवर साडेनऊच्या आसपास, आणि ७/१६ इंचाच्या स्टडवर नऊच्या आसपास. नट हाताने लावताना चाक टेकल्यापासून नव्हे, तर आटा पकडल्यापासून फेरे मोजावेत. जुन्या ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क ब्रेकचा अ‍ॅक्सल आला की फ्लँज आणि चाक यांच्यामध्ये येणाऱ्या भागाची जाडी बदलते, आणि जुन्या पत्र्याच्या चाकाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचे चाक लावले की त्याच्या जाड बैठकीमुळे आणखी लांबी खर्च होते; दोन्ही बदल एकाच वेळी झाले तर पूर्वी पुरेसा असलेला स्टड अपुरा पडतो.

याच्या उलट चूक बंद टोकाच्या नटांत होते. स्टड लांब आणि नटाची टोपी उथळ असेल तर स्टडचे टोक टोपीला आतून टेकते, पाना घट्ट झाल्याची जाणीव होते आणि चाक मात्र सैल राहते. बाहेरून हा दोष दिसत नाही. स्टड बदलल्यावर पहिल्या वेळी उघड्या टोकाचे नट लावून तपासावे, किंवा टोपीच्या आतली खोली काडी घालून मोजावी.

नटाची बैठक, म्हणजे चाकाला टेकणारा भाग, बहुतेक अमेरिकी पिकअपवर साठ अंशांच्या शंकूची असते. काही चाकांना गोलाकार बैठक आणि काहींना नळीसारख्या दांड्याचा, वॉशर लागणारा नट लागतो. शंकूचा नट गोल बैठकीत बसवला तर तो फक्त एका बारीक कडेवर टेकतो. मोठ्या स्टडसाठीचा नट जुन्या चाकात बसवताना त्याचा शंकू चाकाच्या भोकात पूर्ण वर्तुळावर टेकतो की वरच्या कडेवर, हे बैठकीला निळी किंवा काजळी लावून एकदा पाहावे. चाकाच्या मध्यातील मोठे भोक हबच्या उंचवट्यावर बसते की नाही हेही त्याच वेळी कळते. ते न बसल्यास चाक फ्लँजला टेकत नाही आणि मग स्टडांविषयीची सारी काळजी व्यर्थ जाते.

स्टड काढणे आणि दाबणे

जुन्या गाड्यांच्या पुढच्या हबवर ड्रम आणि हब एकमेकांना स्टडनेच जोडलेले असत, आणि स्टडच्या खांद्याची कड ड्रमवर दाबून पसरवलेली असे. असा स्टड हातोड्याने ठोकून काढला की ती पसरलेली कड हबचे भोक मोठे करत बाहेर येते, आणि नवा स्टड त्या भोकात सैल बसून नटाबरोबर फिरू लागतो. पसरलेली कड आधी कापणाऱ्या गोल करवतीसारख्या हत्याराने काढून मगच स्टड प्रेसवर दाबून बाहेर काढावा. एकदा खराब झालेल्या भोकाला वेल्डिंगने आवळण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते, ती कोणत्याही परिस्थितीत स्वीकारू नये, कारण स्टडचे पोलाद उष्णतेने ठिसूळ होते.

नवा स्टड घेताना नमुना दाखवण्याऐवजी मापे सांगावीत. डॉर्मन आणि एआरपी यांसारख्या उत्पादकांच्या सूचीत आट्यांबरोबर दातेरी खांद्याचा व्यास, खांद्याची लांबी आणि डोक्याखालची लांबी दिलेली असते. खांद्याचा व्यास भोकापेक्षा किंचित मोठा, सर्वसाधारणपणे इंचाच्या हजाराव्या दहा ते पंधरा भागांइतका, असावा. डोक्याची जाडीही पाहावी, कारण जाड डोके मागे ब्रेकच्या भागांना घासू शकते. स्टड प्रेसने दाबणे उत्तम. प्रेस नसल्यास काही वॉशर आणि एक जुना नट लावून हाताच्या पान्याने स्टड आत ओढता येतो, मात्र तो नट नंतर टाकून द्यावा. डोके मागून फ्लँजला चारही बाजूंनी टेकल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये, कारण अर्धवट बसलेला स्टड पुढे आपोआप आत सरकतो आणि नट सैल पडतात.

आवळण्याचा जोर

जोर स्टडच्या मापावर ठरतो, गाडीच्या नावावर नव्हे. १४ मिमीच्या स्टडांसाठी शेवरोलेच्या मोठ्या पिकअपला १४० फूट-पाउंड, म्हणजे १९० न्यूटन-मीटर सांगितलेले असतात. १/२ इंचाच्या स्टडांसाठी टायर दुकानांच्या तक्त्यांत सर्वसाधारणपणे ७५ ते ८५ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १०० ते ११५ न्यूटन-मीटर आढळतात, आणि काही गाड्यांच्या पुस्तिकांत त्याहून अधिक. मागच्या चाकांचा जोर चुकून पुढच्या स्टडांना दिला तर ते ताणले जातात आणि काही काळाने तुटतात, म्हणून दोन मापे ठेवलेल्या गाडीत हा धोका प्रत्येक वेळी चाक काढताना राहतो. आटे कोरडे आणि स्वच्छ असावेत. तेल लावल्यास तोच जोर स्टडला अधिक ताण देतो. पहिल्या ८० ते १६० किलोमीटरांनंतर सर्व नट पुन्हा तपासावेत.

खरेदी आणि गॅरेजकडून मागण्यासारखे

भंगारवाड्यातून अ‍ॅक्सल घेताना त्याच गाडीचे सर्व नट सोबत मागून घ्यावेत. ते जागेवरच प्रत्येक स्टडवर हाताने फिरवून पाहिल्यास कोणते आटे खराब आहेत हेही तेथेच कळते. ज्या गाडीतून अ‍ॅक्सल काढला तिच्या दारावरील पट्टीचा फोटो, उत्पादन वर्ष आणि अ‍ॅक्सलवरील खुणा नोंदवून ठेवाव्यात, कारण पुढे ब्रेकचे सुटे भाग त्या गाडीच्या नावानेच मागावे लागतात.

काम गॅरेजकडे दिल्यास अंदाजपत्रकात स्टडची मापे आणि संख्या लिहून घ्यावी. कॅलिफोर्नियात गॅरेजने काम सुरू करण्यापूर्वी लेखी अंदाज देणे, अधिक खर्चाला ग्राहकाची संमती घेणे आणि काम सोपवताना मागणी केल्यास काढलेले जुने भाग परत देणे बंधनकारक आहे. जुने स्टड परत मागण्याचा हक्क जरूर वापरावा, कारण खांद्यावरील ओरखडे पाहून ते दाबून काढले की ठोकून, याचा बराचसा अंदाज येतो.

भारतातील वाचकांसाठी मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ महत्त्वाचे आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल त्यानुसार करता येत नाही. मालवाहू गाडीच्या नोंदणीत अ‍ॅक्सलवरील भाराची नोंद असल्याने वेगळ्या प्रकारचा अ‍ॅक्सल बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्यावा. सदोष कामाबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क पडत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. कामाच्या पावतीवर ‘अ‍ॅक्सल बदली’ एवढेच लिहिलेले असेल तर तक्रारीला आधार उरत नाही, म्हणून स्टड, नट आणि दिलेला जोर यांचा उल्लेख आग्रहाने मागावा.

महाराष्ट्रातील जुन्या जीप

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि त्या घडणीची वाहने पुढे दशकानुदशके बनत राहिली. विलीजचा पाच स्टडांचा साडेपाच इंची पीसीडी आणि १/२ इंचाचे, इंचाला वीस आट्यांचे स्टड हे एफ-१०० शी जुळणारे माप असल्याने दोन्हींची चाके एकमेकांच्या हबवर चढतात, पण पकडीची लांबी, बैठक आणि मध्यातील भोक जुळेलच असे नाही. डाव्या बाजूच्या उलट्या आट्यांचा प्रश्न अशा जीपवर अजूनही भेटतो, आणि अनेक हात फिरलेल्या गाडीत एकाच हबवर सरळ आणि उलटे स्टड मिसळलेले असू शकतात, त्यामुळे येथे प्रत्येक स्टड वेगळा तपासावा.

स्टेपनी

दोन मापे ठेवायचीच असतील तर स्टेपनीबरोबर दोन्ही प्रकारच्या नटांचा एकेक पूर्ण संच, वेगवेगळ्या रंगांच्या डब्यांत, गाडीत ठेवावा, आणि चाकांच्या कमानीत आतून रंगाने माप लिहावे : पुढे ‘१/२ इंच’, मागे ‘१४ मिमी’, उलट्या आट्यांच्या बाजूला ‘उलटे’. पंक्चर झालेले चाक रात्री महामार्गाच्या कडेला बदलणारा माणूस बहुधा गाडीचा मालक नसतो, आणि त्याच्या हातातल्या टॉर्चच्या उजेडात ते शब्द वाचता येतील इतक्या मोठ्या अक्षरांत ते लिहिलेले असावेत.